नुसती लागलेली नको, उघडझाप करणारी हवी
(आपल्या रेडिओवरील ‘घरची गाडी’ या कार्यक्रमातील बोलणे)

 

मागच्या वेळी चेनला तेल कसे द्यायचे ते बोललो होतो. त्यानंतर दोघी-तिघींनी एकच विचारले. गाडीचा इंडिकेटर लागतो, पण उघडझाप करत नाही. तसाच चालवला तर चालेल का? चालणार नाही. का चालणार नाही, ते मी माझ्या कोपरावरच्या खुणेवरून सांगू शकते.

आमच्या घरात सासऱ्यांची राजदूत आहे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ही राजदूत म्हणजे एस्कॉर्ट्स कंपनीची 173 सीसीची, टू-स्ट्रोक, पोलंडच्या गाडीवरून इथे बनवलेली. ‘बॉबी’ सिनेमात 1973 साली दिसली ती बुटकी गाडी हिचीच बहीण, पण आमची ती नव्हे. आमची साधी, दूधवाल्यांची. आबांनी तिच्यावर दूध घातले, खताची पोती आणली, माझ्या नणंदांना परीक्षेला नेले. तिला मुळात इंडिकेटर नव्हतेच. आबांनी ते नंतर बाजारातून बसवून घेतले. आबांचे गुडघे गेल्यापासून दूध मी घालते. गटातल्या पाच घरांचे दूध दोन कॅनमध्ये, दोन्ही बाजूंना बांधून. किक मारायला अजून जोर लागतो, पण तो विषय वेगळा.

मागच्या माघातली गोष्ट. पहाटेचे साडेपाच, धुके, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ. डेअरीकडे जायला मला मोठ्या रस्त्यावरून उजवीकडे वळावे लागते. मी इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि वळले. त्याच वेळी मागचा टेम्पो उजवीकडून पुढे जायला निघाला होता. त्याने ब्रेक दाबला म्हणून मी आज बोलते आहे. गाडी आडवी झाली, एका कॅनचे झाकण उडाले, कोपर सोलले आणि 20 लिटर दूध डांबरावर गेले. टेम्पोवाला धावत उतरला, गाडी उचलायला हात दिला. मी रागाने म्हटले, “इंडिकेटर दिला होता ना मी!” तो म्हणाला, “ताई, लाइट दिसली मला. पण ती नुसतीच लागलेली होती. मला वाटलं, गाडीला असाच एक दिवा आहे.”

तो खोटे बोलत नव्हता. धुक्यात एक पिवळा ठिपका स्थिर दिसला तर मागचा माणूस त्याचा काय अर्थ लावणार? उघडझाप झाली तरच ‘मी वळते आहे’ असा निरोप पोचतो.

तालुक्याच्या गावी एका गॅरेजवाल्याने गाडी न उघडता सांगितले, “वहिनी, सगळी वायरिंग बदलावी लागेल, अडीच हजार होतील.” अडीच हजार म्हणजे आमच्या गटाच्या किती हप्त्यांचे पैसे, ते तुम्हीच मोजा. मी म्हटले विचारून सांगते, आणि माझ्या धाकट्या भावाला फोन लावला. तो आयटीआय झालेला वायरमन आहे. तो म्हणाला, “अक्का, आधी फ्लॅशर बघ.”

फ्लॅशर म्हणजे काय? काडेपेटीएवढी किंवा औषधाच्या छोट्या डबीएवढी एक डबी. काहींची गोल, अॅल्युमिनियमची, काहींची काळी, प्लॅस्टिकची. तिला दोन पिना असतात, काहींना तीन. बॅटरीतला करंट या डबीतून जातो, तिथून हँडलवरच्या बटणात आणि बटणातून डाव्या किंवा उजव्या दिव्यांकडे. डबीतला करंट तुटला की दिवे विझतात, जोडला की लागतात. इंडिकेटर देताना जो टिक-टिक आवाज येतो, तो हिचाच.

जुन्या पद्धतीच्या डबीत हे जोडणे-तोडणे कोण करते? उष्णता. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना तुम्ही पाहिले असेल. आधी धाव भट्टीत तापवतात, ती फुगते, मग चाकावर चढवतात, वर पाणी ओततात, ती आवळून बसते. तापले की धातू वाढतो, निवले की आकसतो. पण सगळे धातू सारखे वाढत नाहीत. दोन वेगळ्या धातूंच्या पातळ पट्ट्या एकमेकींना पक्क्या चिकटवल्या आणि तापवल्या, तर एक जास्त वाढते, दुसरी कमी, आणि जोडपट्टी वाकते. आपल्या कपड्यांच्या इस्त्रीत हेच आहे. इस्त्री पुरेशी तापली की आपोआप तिचा दिवा जातो आणि थोड्या वेळाने पुन्हा येतो, तो याच पट्टीमुळे. ट्यूबलाइटच्या जुन्या स्टार्टरमध्येही अशीच पट्टी असते.

फ्लॅशरच्या डबीत करंट आला की पट्टी तापते, वाकते आणि टोकाचा स्पर्श सुटतो. दिवे विझतात. करंट नाही म्हणून पट्टी निवते, सरळ होते, पुन्हा स्पर्श होतो. दिवे लागतात. कोणी बटण दाबत नाही, कोणी सोडत नाही. एका मिनिटात साधारण 60 ते 120 वेळा हे व्हावे असा नियम जगभर धरतात. घड्याळ लावून मोजा. 60 च्या खाली असेल तर फ्लॅशर थकलेला आहे, किंवा त्याला पुरेसा करंट मिळत नाही.

हा ‘पुरेसा करंट’ महत्त्वाचा आहे. पट्टी तापते ती दिव्यांनी ओढलेल्या करंटने. दोन दिवे 10-10 वॉटचे असतील तर मिळून 20 वॉट. गाडी 12 व्होल्टची असेल तर 20 भागिले 12, म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट. गाडी 6 व्होल्टची असेल तर तेवढ्याच उजेडाला 3.3 अँपिअर, जवळपास दुप्पट. पट्टी त्या हिशोबानेच बनवलेली असते. म्हणून एका बाजूचा एक बल्ब उडाला की करंट निम्मा होतो, पट्टी नीट तापत नाही आणि उरलेला बल्ब नुसता लागून राहतो किंवा अगदी रेंगाळत उघडझाप करतो. कोणी 10 च्या जागी 5 वॉटचा बल्ब लावला तरी तेच. बॅटरी उतरली तरी तेच. म्हणजे दिवा उघडझाप करत नाही म्हणून लगेच डबीला दोष देऊ नका. सुनेसारखे आहे तिचे. घरात काहीही बिघडले की नाव तिचे आधी येते.

मग तपासायचे कसे? मी जसे केले तसे सांगते.

पहिल्यांदा हॉर्न वाजवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट इंजिनच्या मॅग्नेटोवर चालते, पण हॉर्न आणि इंडिकेटर बॅटरीवर. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजला तर बॅटरीकडे बघा. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी साचली असेल तर वायरी सोडून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. बॅटरीत पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, हापशाचे नको. आणि गाडी चालू करून थोडी रेस वाढवा. रेस वाढवल्यावर उघडझाप सुरू झाली आणि सोडल्यावर थांबली, तर फ्लॅशर चांगला आहे, बॅटरी मरतुकडी आहे.

दुसरे, दोन्ही बाजू लावून बघा. फक्त डावी बिघडलेली आणि उजवी बरोबर चालते? मग फ्लॅशर निर्दोष. तो दोन्ही बाजूंना एकच असतो. डावीकडचा बल्ब, त्याचे होल्डर, वायर किंवा अर्थिंग बघा. जुन्या गाडीत करंट परत जातो तो गाडीच्या लोखंडातूनच. इंडिकेटरचा दांडा जिथे बसवलाय तिथे गंज चढला की वाट बंद. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासले की निम्मे आजार जातात. ग्रामपंचायतीच्या नळासारखे आहे, टाकी भरलेली असून तोटीला पाणी नाही, कारण मध्ये कुठेतरी कचरा.

आमच्या गाडीत दोन्ही बाजू सारख्याच होत्या. चारही दिवे लागत, पण स्थिर. हॉर्न खणखणीत. रेस वाढवून फरक नाही. बल्ब काढून त्यांच्या पितळी टोपीवरचे आकडे वाचले, सगळे 6 व्होल्ट, 10 वॉट. मग उरला फ्लॅशर. त्याच्या आतली टोके तापून एकमेकींना चिकटली होती. हे नंतर कळले, डबी फोडल्यावर.

पण तुमच्या गाडीत दिवे अजिबात लागतच नसतील तर आणखी एक परीक्षा करा. चावी चालू करा, बटण डावीकडे करा. फ्लॅशरच्या दोन्ही वायरी काढा आणि एका छोट्या वायरच्या तुकड्याने त्या दोन वायरींची टोके क्षणभर एकमेकींना जोडा. डाव्या बाजूचे दिवे लागले? मग बल्ब, बटण, वायरी सगळे ठीक, डबी गेली. नाही लागले तर करंट डबीपर्यंत येतच नाही, किंवा पुढे कुठे तुटलाय. तीन पिना असतील तर फक्त बॅटरीची आणि बटणाकडे जाणारी, या दोनच जोडायच्या. हे करताना ते टोक गाडीच्या लोखंडाला लागू देऊ नका. लागले तर ठिणगी पडेल आणि फ्यूज जाईल. फ्यूज नसेल तर वायर जळेल, आणि पेट्रोलची टाकी तिथेच वर असते. सिगारेटच्या चांदीचा किंवा तांब्याच्या तारेचा जुगाड केलेला फ्यूज दिसला तर आधी तो काढून योग्य फ्यूज लावा. त्याची किंमत चहाच्या कपाएवढी आहे.

आता बदलायचे. आधी चावी बंद, मग बॅटरीची मायनसची वायर सोडा. डबी कुठे आहे ते गाडीगणिक वेगळे. सीटखाली, टाकीखाली, बॅटरीच्या बाजूच्या झाकणाआड किंवा हेडलाइटच्या वाटीत. सापडत नसेल तर वायरी सोडायच्या आधी चावी लावून इंडिकेटर द्या आणि कान लावा. टिक-टिक जिथून येते तिथे ती. आमची टिक-टिक करतच नव्हती, म्हणून अर्धा तास शोधावी लागली. रबराच्या पट्टीत सीटखाली लटकवलेली होती. ते रबर टाकू नका. इंजिनाची थरथर डबीपर्यंत पोचू नये म्हणून ते असते.

वायरी काढण्याआधी मोबाइलने फोटो काढा. मोबाइल नसेल तर एका वायरला लाल दोरा, दुसरीला पांढरा. डबीवर पिनांशेजारी इंग्रजी अक्षरे असतात. ‘बी’ म्हणजे बॅटरीकडून येणारी, ‘एल’ म्हणजे दिव्यांकडे, बटणाकडे जाणारी. काहींवर अक्षरांऐवजी 49 आणि 49 ए असते. तिथे 49 बॅटरीची आणि 49 ए दिव्यांची. तिसरी पिन असेल तर जपून. काही डब्यांत ती अर्थिंगची असते, काहींत मीटरवरच्या छोट्या खुणेच्या दिव्याची. अर्थिंगची वायर दिव्याच्या पिनेला लावली की गोंधळ. डबीच्या कागदावर किंवा अंगावर छापलेले वाचूनच लावा.

इथे माझी चूक सांगते. मी दुकानात गेले आणि म्हटले, “इंडिकेटरचा फ्लॅशर द्या.” दुकानदाराने काळी, नवी, इलेक्ट्रॉनिक डबी दिली, मी पैसे देऊन आले. लावली. काही नाही. दिवा लागेना, टिक-टिक होईना. आबा ओट्यावरून म्हणाले, “आधी निदान लागत तरी होता.” जाऊबाई हसल्या. मी रडवेली झाले, खरे सांगते. संध्याकाळी भावाने फोनवर विचारले, “डबीवर काय लिहिलंय?” वाचले तर 12 व्होल्ट. आमची गाडी 6 व्होल्टची! 12 व्होल्टला जागी होणारी डबी 6 व्होल्टवर हललीच नाही. दुकानदाराने विचारले नाही, मी सांगितले नाही. आजकाल सगळ्या गाड्या 12 व्होल्टच्या असतात, म्हणून त्याच्या हाताशी तीच होती. दुसऱ्या दिवशी मी जुनी डबी पदरात बांधून नेली आणि म्हटले, “6 व्होल्ट, दोन पिना, 10 वॉटचे दोन बल्ब.” त्याने दुसऱ्या दुकानातून मागवून दिली. दीडशेच्या आत काम झाले. पहिली परतही घेतली, कारण मी पिना वाकवल्या नव्हत्या.

तुमची गाडी किती व्होल्टची हे कसे ओळखायचे? बॅटरीवर लिहिलेले असते. पुसले असेल तर बॅटरीवरची पाणी घालायची झाकणे मोजा. तीन असतील तर 6 व्होल्ट, सहा असतील तर 12, कारण एका कप्प्यातून साधारण 2 व्होल्ट मिळतात. मल्टिमीटर असेल तर पूर्ण भरलेली 6 ची बॅटरी 6.3 च्या आसपास दाखवते, 12 ची 12.6 च्या आसपास.

एलईडीचे विचारणाऱ्या ताईंसाठी. मुलांनी हौसेने इंडिकेटरला एलईडी बल्ब लावले असतील तर ते करंट फारच थोडा ओढतात. जुनी तापणारी पट्टी त्यावर तापतच नाही. तिथे एलईडीसाठीची इलेक्ट्रॉनिक डबीच लागते. तिच्यात पट्टी नसते, वेळ मोजणारे इलेक्ट्रॉनिक पार्ट असतात, म्हणून करंट कमी असला तरी तिला चालते. पण तिला प्लस-मायनस उलटे केलेले सोसत नाही, जळते. खूप जुन्या इंग्लिश बनावटीच्या काही गाड्यांत बॅटरीचे प्लस गाडीच्या लोखंडाला जोडलेले असे. आजोबांच्या काळातली तशी गाडी घरात असेल, तर इलेक्ट्रॉनिक डबी घेण्याआधी बॅटरीची कोणती वायर लोखंडाला गेलीय ते बघा.

डबी बसली की पिना घट्ट आहेत का बघा, सैल असतील तर पकडीने वायरीचे टोक किंचित दाबा. जुनी डबी ज्या बाजूने उभी किंवा लटकलेली होती तशीच नवी ठेवा. मायनस जोडा, चावी लावा. माझी पहिली टिक ऐकू आली तेव्हा आबांनी ओट्यावरून मान हलवली, बोलले काही नाही. मग म्हणाले, “उजवीकडचं पण लाव.” लावले. मिनिटाला 80 भरली.

हाताने इशारा करून भागत नाही का, असे एका आजींनी विचारले होते. कायद्यात हाताचा इशाराही आहे. उजवीकडे वळताना उजवा हात आडवा, सरळ, तळवा पुढे. वेग कमी करताना उजवा हात वर-खाली. येतच असला पाहिजे, कारण डबी रस्त्यातही बंद पडू शकते. पण उजवा हात म्हणजे एक्सिलरेटरचा हात, शिवाय कॅन भरलेले, आणि पहाटेच्या अंधारात तो हात दिसणार कुणाला?

आणखी एक. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तेव्हा गाडी आरटीओत दाखवायला न्यावी लागते आणि तिथे दिवे बघतात. आबांच्या गाडीचे नूतनीकरण येत्या चैत्रात आहे. कुणाकडे जुनी गाडी असेल तर आरसीवरची तारीख आजच काढून बघा, आणि गाडी न्यायच्या आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी दिवे तपासा. 6 व्होल्टचे बल्ब गावात मिळत नाहीत. मी दोन जादा आणून चिंधीत गुंडाळून हळदीच्या रिकाम्या डब्यात, सीटखाली ठेवलेत.